जुवाखालची गादी

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीने तराजू उचलला की मी आधी तिच्या अंगठ्याकडे बघते. नवरा म्हणायचा, "तू देवळात गेलीस तरी देव जागेवर आहे का ते आधी तपासशील." तर अशी मी. पण त्या हंगामात अख्ख्या रस्त्याने माझ्यावर संशय घेतला, आणि आता वय झाल्यावर कबूल करायला हरकत नाही, त्यांचं सगळंच काही चुकलं नव्हतं.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बेलापूरजवळ साखर कारखान्याच्या रस्त्याला लागून आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. नवरा कारखान्यात काट्यावर कारकून. उसाची गाडी वजनाला आली की आकडा लिहायचा, हे त्याचं काम. दिवाळी झाली की बैलगाड्यांची रांग काट्यापासून थेट आमच्या ओट्यापर्यंत यायची आणि तासन्‌तास उभी असायची. मला दार उघडलं की बैलांच्या माना दिसायच्या. जू टेकतं तिथलं कातडं सोलवटलेलं, त्यावर माश्या घोंगावताहेत. गाडीवान वरून वंगण नाहीतर हळद फासायचे आणि तेच जू पुन्हा त्याच जागी ठेवायचे. "खांदा फुटलाय," असं म्हणायचे, दूध उतू गेलंय म्हणावं इतक्या सहज. मला संताप यायचा. बैल हाकायच्या पराणीला खिळा लावलेला दिसला की मी ओट्यावरून उतरून भांडायची. एकदा तर एकाच्या हातातली पराणी ओढून घेऊन चुलीत घातली. तो बिचारा बघतच राहिला.

त्याआधीच मी चामड्याची चप्पल सोडली होती. लग्नातलं रेशमी पातळ ट्रंकेच्या तळाला गेलं होतं, कारण रेशीम कसं काढतात ते कुणीतरी सांगितलं आणि मग ते अंगावर घालवेना. चहासुद्धा कोरा. पारडू दाव्याला हिसके देत ओरडतंय आणि आपण चरवी भरून घेतोय, हे मला जमेना. सासरी याला खूळ म्हणत. माहेरी, पुणतांब्याला, सासरचा जाच म्हणत. खरं काय ते मला विचारायला कुणी आलं नाही.

नुसतं भांडून बैलाचा खांदा बरा होत नाही, हे मला उशिरा कळलं. डोक्यावर हंडा घेताना बायका चुंबळ ठेवतात ना, तशी चुंबळ जुवाखाली का नको? जखमेच्या जागी मधे पोकळ ठेवायची, म्हणजे भार सगळा कडेवर येईल आणि जखमेला वारा लागेल. जुन्या लुगड्याचं कापड, वरून साखरेच्या पोत्याचं गोणपाट, आत घायपाताचा वाख, म्हणजे पानातला दोरा. झाली गादी! बांधावरचा घायपात सगळ्यांना माहीत, पण त्याचा वाख काढायचा कसा ते मला येत नव्हतं. म्हणून गावाबाहेर दोर वळणारी एक म्हातारी होती, तिच्याकडे गेले. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बामनाच्या बाईला दोर कशाला वळायचाय? फास लावून घेनार का काय?"

"तसलं काही नाही हो मावशी. बैलासाठी पाहिजे."

"बैल हाय तुमचा?"

"नाही."

"मंग कुनाच्या बैलासाठी?"

"कुणाच्याही."

यावर ती जी गप्प झाली ती दोन दिवस. तिला वाटलं, मी तिचा धंदा उचलायला आले. मलाही वाटायचं की ती मला अर्धंच शिकवते आहे, कारण वाखाला पीळ देण्याच्या नेमक्या वेळेला ती मला ओढ्यावर पाणी आणायला पाठवायची. तरी तिच्या अंगणात बसून मी शिकले. पानं डबक्यात कुजत घालायची, कुटायची, धुवायची, वाळवायची. हातांना अशी खाज सुटायची की विचारू नका.

गाद्या झाल्या, मग अंबाडीच्या वेणीचे घंटेचे पट्टे झाले, चामड्याची वादी नसलेले आसूड झाले. आसूड घेऊन मारू नका, नुसता हवेत वाजवा, असं मी प्रत्येकाला बजावायची. चामडं नाही, लोकर नाही, हा माझा नियम. ओट्यावर दोरी बांधून त्यावर सगळा माल टांगला. गादीला आठ आणे. पंधरा दिवसांत एक गादी विकली गेली, तीही एका म्हाताऱ्याने बसायला म्हणून नेली.

लोक लांबून बघायचे. त्या हिवाळ्यात लढाई पेटली होती. नगरला लष्कर, खिडक्यांना काळे कागद, आणि जो तो हेर शोधत होता. मी टेप घेऊन बैलांच्या माना मोजायची आणि वहीत लिहायची. एक गाडीवान दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेताने, "बाई समद्या गाड्या मोजून कुनाला तरी कळवती." दुसरा म्हणाला, "न्हाई रं, तिला मिशनवाल्यांनी पैसं दिल्यात." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे, बैलाच्या मानेचं माप कळवून कोणतं राज्य जिंकणार आहे कोण?" दोघांना पटलं नाही हे तोंडावरून दिसत होतं. नवरा म्हणाला, "कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?"

आणि मग एकाएकी माल खपायला लागला. आठवड्यात वीस गाद्या गेल्या! मी हरखून गेले. शेवटी माणसाला दया येतेच, असं नवऱ्याला चार वेळा ऐकवलं. एका दुपारी रांगेच्या कडेने चालत काट्यापर्यंत गेले, म्हटलं बघू तरी आपल्या गाद्या कशा बसल्यात. तर काय! एकाही बैलाच्या मानेवर गादी नाही. गाद्या गाडीच्या पुढच्या टोकाला टांगलेल्या, दुकानाला लिंबूमिरची टांगतात तशा, कोऱ्या करकरीत. आणि खाली बैलांचे खांदे तसेच फुटलेले.

मी एकाला धरलं. "अहो, ही मानेला बांधायची असते."

तो गोड हसला. "मानेला बांदली तर सायबाला कशी दिसनार?"

काट्यावरच्या कारकुनाची बायको गाद्या विकते. गादी घेतली नाही तर वजन कमी भरेल, घेतली तर नीट भरेल. सगळ्या रस्त्याने असा अर्थ लावला होता, आणि माझा नवरा चष्मा पुसत रोज त्या गाद्या बघत होता आणि मनात म्हणत होता की बायकोचं बरं चाललंय! त्याला सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढून ठेवला.

"अगं, नोकरी घालवशील माझी! लोक म्हणतील, कारकुनाने बायकोकरवी हप्ता लावलाय."

मी आठ-आठ आणे परत करायला निघाले. कुणी घेईना. पैसे परत आले म्हणजे आता वजन मारणार, अशी नवी भीती त्यांना पडली. एकाने तर घाबरून अजून एक गादी मागितली. मी घरी येऊन रडले. स्वतःची कीव आली म्हणून नव्हे, माझ्या वस्तूचं असं काही व्हावं याचा राग आला म्हणून. दोरी सोडली, उरलेले पट्टे आणि आसूड आत टाकले; गाद्या तर सगळ्या खपल्याच होत्या.

तेव्हा तो आला. पाथर्डीकडचा गाडीवान, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. बायको ऊस तोडायची, हा तोडायचा आणि वाहायचा. सबंध रांगेत गादी न घेतलेला हा एकटा. मला तेव्हाच त्याच्याबद्दल बरं वाटलं होतं, की याला तरी वजनाची लालूच नाही. आता त्याने डाव्या अंगाचा बैल ओट्यापाशी आणून उभा केला. करड्या रंगाचा, तरणा, पण खांद्यावर तळहाताएवढी जखम.

"बाई, ह्यो बैल फुटक्या खांद्यानं हंगाम काडीत न्हाई. आन फुटका खांदा बाजारात नेला तर खाटीक सोडून कुनी हात लावीत न्हाई. तुमची ती गादी खरंच कामाची हाय का नुसतं नाटक हाय?"

असं तोंडावर विचारणारा पहिलाच. मी म्हटलं, "खरंच कामाची आहे. उद्या सकाळी या, मापाची करून ठेवते."

म्हणून तर बसले, आणि बघते तर वाख संपलेला. म्हातारीची पानं अजून डबक्यात, आठ दिवस तरी लागणार. कापूस घामाने बसतो आणि दगड होतो. लोकर चालली असती, पण मेंढी कातरताना तिला किती ठिकाणी कापतात ते मी पुणतांब्याला पाहिलं होतं. तेवढ्यात कोनाड्यातला डबा दिसला. त्यात माझं गुंतवळ होतं. विंचरताना निघालेले केस आम्ही बायका साठवून ठेवायचो आणि सुया-पिना विकणारी आली की तिला द्यायचो. तीन वर्षांचं साठलं होतं. दाबलं तर दबत होतं, सोडलं तर फुलत होतं. मी विचार केला, हे केस कुणाच्या अंगावरून हिसकावलेले नाहीत. माझे आहेत, माझ्या मर्जीने देते आहे. याच्याइतकी निष्पाप वस्तू दुसरी कोणती?

गुंतवळाने लोक काय काय करतात ते मला माहीत नव्हतं असं नाही. केस टाकताना त्यावर तीनदा थुंकायचं, कुणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत, हे आईने लहानपणापासून शिकवलेलं. करणी करायची तर आधी केस लागतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर मी दाभणाने दुहेरी टाके घातले. कोण उघडून बघणार आहे, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी त्याने गादी हातात घेतली, दाबून बघितली, नाकाशी नेली.

"आत काय हाय?"

"घायपात."

"आजून?"

"अजून काय असणार? नुसता घायपात."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं झालं माझं. पण तेव्हा वाटलं, बैल बरा होण्याशी कारण.

आणि बैल बरा व्हायला लागला! गाडीवान रांगेत आला की मी उतरून जायची. गादी खरंच बांधतो की माझ्या घरापुरती बांधतो, हा संशय मला होताच. पण तो बांधत होता. दहाव्या दिवशी जखमेची कड सुकली. पंधराव्या दिवशी खपली धरली. त्याची बायको एकदा उसाचं कांडं घेऊन आली आणि पदराआडून म्हणाली, "बैल आता चारा खातोय बरका बाई." हिला काय पाहिजे असेल, असं माझ्या मनात आलं. तिला काहीच नको होतं. कांडं ठेवून ती निघून गेली.

पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला. चार दिवस उतरेना. त्याच सुमाराला बैलाने बाभळीला मान घासली आणि गादीची शिवण उसवली.

गाडीवान दुपारी आला. ओट्यावर न चढता खाली उभा राहिला. एका हातात गादी, दुसऱ्या हातात तिच्यातून ओढून काढलेला केसांचा लांब पुंजका. मागे रांगेतले सात-आठ जण गोळा झालेले.

"बाई, हे काय हाय?"

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण इतके डोळे माझ्यावर रोखलेले बघून धीर झाला नाही. मी म्हटलं, "मला काय माहीत? मी घायपात भरला होता."

त्याने त्या पुंजक्याकडे बघितलं आणि मग माझ्या वेणीकडे बघितलं. गादी माझ्या पायरीवर ठेवली आणि गेला.

संध्याकाळपर्यंत रस्त्याला गाद्यांचा ढीग लागला. लोकांनी आपापली गादी उसवून बघितली, आत वाखाशिवाय काही सापडलं नाही, तरीही टाकून दिल्या. काही जाळल्या. नवऱ्याने मला एका शब्दाने विचारलं नाही, याचा मला जास्त त्रास झाला. तिसऱ्या दिवशी कळलं की ऊसतोड्यांच्या मुक्कामावर त्या बैलाला कुणी आपल्या गुरांशेजारी बांधू देईना. तीन आठवडे करणी मानेवर वागवलेला बैल! बाईचा ताप त्यामुळेच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मुकादमाने सांगितलं, बैल बाहेर काढ, नाहीतर तू बाहेर हो. गाडीवान तो बैल सोनईकडच्या जनावरांच्या बाजारात नेणार होता.

मी ठरवलं, जायचं. नवरा येईना. तो म्हणाला, "आता तरी पुरे कर." मी म्हातारीला गाठलं आणि सगळं खरं सांगितलं, केसांचं आणि दोन्ही वेळा खोटं बोलल्याचं. तिने तोंडातली मिश्री थुंकली.

"मला तवाच वाटलं हुतं, वाख संपल्यावर हिनं गादी शिवली कशाची. चला, मी येते. पन तितं तोंड उगडू नका. तुमी बोल्लात की समदं खरं हुतंय."

यष्टीने गेलो. बाजारात बाया म्हणाव्यात तर आम्ही दोघीच. तो बैलाला धुऊन पुसून, कासरा धरून उभा होता. मला बघितलं आणि नजर फिरवली. म्हातारीने मला एका गाडीमागे उभं केलं.

सुरुवात चांगली झाली. एक शेतकरी आला, दात बघितले, पाय बघितले, खांद्यावरून हात फिरवला. उपरण्याखाली दोघांचे हात गेले, बोटांनी भाव सुरू झाला. तेवढ्यात आमच्या रस्त्यावरचा एक गाडीवान त्या शेतकऱ्याच्या कानाला लागला. उपरण्याखालचा हात बाहेर आला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तसंच. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. म्हातारी माझा दंड धरून उभी.

तिसरा आला तो बेलापूरकडचाच एक म्हातारा शेतकरी होता, चेहऱ्याने मायाळू. भाव जवळजवळ जुळला होता. कानाला लागणारा पुन्हा पुढे झाला, आणि मला राहवलं नाही. दंड सोडवून घेतला आणि मध्ये घुसले.

"करणीबिरणी काही नाही! त्याचं ऐकू नका. ते केस माझे आहेत, मीच भरले होते! बैलाला मऊ लागावं म्हणून भरले होते!"

तो शेतकरी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने उपरणं काढून घेतलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"आता बाईच म्हनतीया," तो हळू आवाजात म्हणाला. "मंग राह्यलंच काय?"

तो गेला. भोवतीचे पाच-सहा जण होते तेही पांगले. तोपर्यंत ती नुसती कुजबूज होती. मी साक्ष दिली. एवढी संशयी मी, जन्मभर दुसऱ्याच्या शब्दाला कधी भुलले नाही, आणि माझा शब्द लोक खरा मानतील अशी खात्री धरून बसले होते!

गाडीवान कासरा मनगटाला गुंडाळत उभा होता. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं. मी खोटं बोलले."

"केसाचं काय न्हाई वो बाई," तो म्हणाला. "पयल्या दिशी सांगितलं असतं तर मी हासलो असतो, आन बांदली असती. मी दोनदा इचारलं तुमाला."

उन्हं कलायला लागली तेव्हा एक जण आला. त्याने दात बघितले नाहीत. चाल बघितली नाही. करणीचं त्याच्या कानावर आलं असणार, पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्याला फक्त वजनाचा अंदाज हवा होता. तो कोण ते सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "यांना नका देऊ. दादा, मी घेते. आमच्या दारात बांधते." गाडीवान माझ्याकडे वळला.

"तुमच्या दारात? आन माझी बायकू तापात हाय तवर त्यो बैल तुमच्याच हाती देऊ?"

त्याच्या जागी मी असते तर मीही दिला नसता.

त्याने बैलाचं दावं सोडून घेतलं, कारण बैल विकला तरी दावं देत नाहीत. त्या माणसाने स्वतःची दोरी अडकवली. बैल दोन पावलं चालला आणि थांबला, तसा गाडीवान पुढे गेला आणि जिथे जखम होती त्याच जागेवर तळहात टेकवून त्याने बैलाला पुढे लोटलं. बैलाने अंग चोरलं नाही की मान हलवली नाही.

"बगा बाई," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "खांदा बरा झालाय."